नंबर आपला, सिम दुसऱ्याचे

सिम स्वॅप म्हणजे एखाद्याच्या मोबाइल क्रमांकाचे दुसरे सिम लबाडीने मिळवून त्या क्रमांकाचा ताबा घेणे. यात फोन चोरीला जात नाही, त्यात व्हायरसही शिरत नाही. फोन मालकाच्या खिशातच असतो, पण त्याचा क्रमांक भलत्याच फोनवर वाजू लागतो. बँकेचा ओटीपी, ई-मेलचा पासवर्ड बदलण्याचा कोड, व्हॉट्सअ‍ॅपची पडताळणी, सारे त्याच क्रमांकावर येत असल्याने काही तासांत आयुष्यभराची पुंजी जाऊ शकते.

नोंद कंपनीकडे असते

मोबाइल क्रमांक सिममध्येच असतो, असा अनेकांचा समज आहे. सिममध्ये खरे तर 15 अंकी ओळखक्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. कोणता मोबाइल क्रमांक कोणत्या सिमला जोडलेला आहे, याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत राहते. सिम हरवले किंवा खराब झाले की कंपनी ही नोंद बदलते. क्रमांक नव्या सिमला जोडला जातो आणि जुने सिम बंद पडते. ग्राहकासाठी ही मोठी सोय आहे. भामट्याला फक्त एवढेच साधायचे असते की, हा बदल त्याच्या सांगण्यावरून व्हावा.

ताबा कसा घेतला जातो

पहिली पायरी माहिती जमवण्याची. केवायसी संपली, वीज तोडणार, पार्सल अडकले अशा बतावणीने नाव, जन्मतारीख, आधार आणि डेबिट कार्डाचे तपशील काढले जातात. दुसरी पायरी सिमची. बनावट कागदपत्रे, सिम हरवल्याची खोटी तक्रार किंवा दुकानातल्या फितूर माणसाची मदत यांतून डुप्लिकेट सिम मिळते. ई-सिममध्ये तर दुकानात जाण्याचीही गरज उरत नाही. कंपनीच्या नावाने फोन करून ग्राहकाकडूनच संमतीचा मेसेज किंवा ओटीपी घेतला जातो. तिसऱ्या पायरीत पासवर्ड बदलून पैसे भाड्याच्या खात्यांमध्ये फिरवले जातात.

डिसेंबर 2018 मध्ये मुंबईत माहीमच्या एका व्यापाऱ्याचे 1.86 कोटी रुपये असेच गेले. त्याच्या फोनवर रात्री सहा मिस्ड कॉल आले होते. मिस्ड कॉलने सिम हॅक होत नाही. मात्र सतत वाजणाऱ्या फोनला कंटाळून माणूस तो बंद करतो आणि नेटवर्क गेल्याचे त्याला सकाळपर्यंत कळत नाही.

नियमांनी उभारलेले बांध

दूरसंचार विभागाने 2022 मध्ये नवे सिम सुरू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश दिला. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. दूरसंचार कायदा 2023 नुसार फसवणुकीने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल 2026 पासून एसएमएस ओटीपीखेरीज इतर पर्यायांना वाट दिली आहे. तरीही 24 तासांच्या बंदीत कॉलवरून येणारे कोड अडत नाहीत, म्हणून ग्राहकाने स्वतः घ्यायची काळजी संपत नाही.

आधीच करायची कामे

न मागितलेल्या सिम बदलाचा मेसेज किंवा कॉल आला, तर कंपनीला तत्काळ नकार कळवावा. आलेला कोड कोणालाही सांगू नये. ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत ते पाहता येते. अनोळखी क्रमांकाची तक्रार तिथेच करावी. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवावे. ई-मेलला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपची, तर व्हॉट्सअ‍ॅपला सहा अंकी पिनची जोड द्यावी. बँकेचे इशारे ई-मेलवरही मागवावेत आणि नेटबँकिंगची मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी. बँकेला दिलेला क्रमांक दुकाने, सोडती आणि जाहिराती यांपासून दूर राहिला तर उत्तम.

सिम पिनबद्दल गैरसमज नको. फोन चोरीला गेल्यावर सिमचा गैरवापर तो रोखतो, पण कंपनीने दिलेल्या डुप्लिकेट सिमवर त्याचा काही परिणाम होत नाही. परदेशी राहणाऱ्यांचे भारतीय सिम अनेकदा बंद फोनमध्ये पडून असते. त्यावर आलेला इशारा कोणी वाचत नाही, म्हणून ते रोमिंगवर चालू ठेवावे आणि बँकेचे इशारे ई-मेलवर घ्यावेत.

नेटवर्क अचानक गेले तर

शेजारच्या फोनला रेंज आहे आणि आपल्याला नाही, फोन बंद करून चालू केला तरी येत नाही, तर वाट पाहू नये. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला क्रमांक बंद करायला सांगावे. त्याच वेळी घरातल्या कोणीतरी बँकेला खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगावे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर तक्रार नोंदवावी. 2024 मध्ये कांदिवलीच्या एका कंपनीचे साडेसात कोटी रुपये गेले, पण तक्रार तातडीने झाल्याने 4.65 कोटी वाटेतच गोठवता आले.

रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून त्रयस्थाची असेल आणि बँकेचा इशारा मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तिला कळवले, तर ग्राहकावर तोशीस येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून कंपनी, बँक आणि पोलीस यांच्याकडच्या तक्रारींचे क्रमांक आणि वेळा जपून ठेवाव्यात.

दाद मागण्याची आणखी एक जागा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 46 नुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे ऐकतात. महाराष्ट्रात या मार्गाने, पडताळणी न करता सिम देणाऱ्या कंपन्यांना आणि गाफील बँकांना भरपाईचे आदेश झाले आहेत. काउंटरवर झालेल्या हलगर्जीचा भुर्दंड एकट्या ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही.