शिक्षेचे कारण

दिवाणी वा फौजदारी न्यायालयातील न्यायाधीश निकालपत्र लिहितो. कोणता पुरावा मानला आणि कोणता टाकला हे सांगतो. अपिलाचा सारा डोलारा त्या निकालपत्रावरच उभा राहतो. लष्करी न्यायालयाची तऱ्हा मात्र दीर्घकाळ निराळी होती. १९५० चा लष्कर कायदा आणि १९५४ चे नियम यांप्रमाणे न्यायालयाने प्रत्येक आरोपापुढे ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढेच नोंदवावयाचे. गंमत अशी, की दयेची शिफारस केली तर तिची कारणे द्यावीत, असे नियमच सांगत. दयेला कारण हवे, शिक्षेला नको!

१९९० साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आला. अर्धन्यायिक निर्णय देणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने कारणे नोंदविलीच पाहिजेत, कायद्याने सूट दिली असेल तेथेच अपवाद, असे त्या निकालात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. कारणे लिहावी लागली की अधिकारी विचार करतो आणि मनमानीला आळा बसतो, ही त्यामागील भूमिका. पुढे मात्र लष्कर कायद्याची रचना पाहून लष्करी न्यायालय, त्याचा निकाल कायम करणारा वरिष्ठ आणि त्यावरील अर्जाचा निर्णय करणारे केंद्र सरकार, या तिघांनाही त्या कर्तव्यातून मोकळे केले आहे. कायद्याच्या शब्दांतून तसा अर्थ निघत असेलही. परंतु ते शब्द तसेच राहावेत काय, हे पाहणे सरकारचे आणि संसदेचे काम होते.

लष्करी न्यायालयाचे सभासद कायदेपंडित नसतात, त्यांना लिहावयास लावले की वकिलांना शब्दच्छल करण्यास वाव मिळेल आणि शिस्त सैल होईल, असा युक्तिवाद कारणांविरुद्ध केला जातो. तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु १९९३ साली ६२ वा नियम बदलून, निर्णयाच्या पुष्ट्यर्थ न्यायालयाने संक्षिप्त कारणे द्यावीत, असे ठरले. त्यामुळे सैन्याची शिस्त ढासळल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

तथापि ही सुधारणा पहिल्याच पायरीवर थांबली. बडतर्फ झालेला अधिकारी कलम १६४ अन्वये अर्ज करतो, अमुक साक्षीदार बोलाविला नाही, अमुक दस्तऐवज दाखविला नाही, असे मुद्दे मांडतो. आणि ‘अर्ज फेटाळला’ एवढ्याच शब्दांत त्याची बोळवण होऊ शकते. खालच्या निर्णयाशी सहमत असणाऱ्याने त्याच कारणांची पुनरुक्ती करू नये, हे मान्य. पण जो मुद्दा खाली निघालाच नव्हता, त्याचे उत्तर खालच्या कागदात कोठून असणार? २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण अशी अपिले ऐकते ही समाधानाची गोष्ट. पण त्यालाही मुक्या आदेशाचा अर्थ तर्कानेच लावावा लागतो.

मुलकी कचेऱ्यांची स्थिती याहून बरी असावयास हवी होती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे आपल्या प्रशासकीय वा अर्धन्यायिक निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळविणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. तरीही निवृत्तिवेतन अडलेल्या शिक्षकाच्या हाती ‘विनंती मान्य करता येत नाही’ असा एका ओळीचा कागद पडतो आणि तो बिचारा कारण शोधीत टेबलामागून टेबल हिंडतो. बाधितांनी हे कलम अर्जात नमूद करून कारणे लेखी मागावीत. लष्कर कायद्यापुरते बोलावयाचे तर कलम १६४ खालील प्रत्येक आदेशात संक्षिप्त कारणे असावीत, एवढी दुरुस्ती संरक्षण मंत्रालयाने संसदेपुढे आणावी, अशी आमची मागणी आहे.