कर्जाचा जोर लावून जोखीम सारखी वाटायची का? 'लिव्हरेज्ड रिस्क पॅरिटी' फंडाचा हिशेब



आजचा विषय आम्ही ठरवलेला नाही, तो या मुळशी तालुक्यातूनच आला. मागच्या व्याख्यानानंतर एक काका थांबले होते. रिंग रोडमध्ये जमीन गेली, मोबदला बँकेत जमा झाला. मुलगा हिंजवडीला आयटीत. तो म्हणतो, "बाबा, सगळं एफडीत ठेवू नका. 'लिव्हरेज्ड रिस्क पॅरिटी' म्हणून एक प्रकार असतो. एकाच फंडात शेअर, सरकारी रोखे, सोनं, सगळं येतं आणि जोखीम सारखी वाटलेली असते." काकांनी आम्हाला एवढंच विचारलं, "हे आपल्यासारख्याला चालेल का हो?" दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता. आज सावकाश देऊ.

आधी शब्द सोडवू. 'रिस्क' म्हणजे जोखीम, 'पॅरिटी' म्हणजे बरोबरी. 'लिव्हरेज' म्हणजे उसन्या पैशाचा जोर. दोन वेगळ्या कल्पना एका नावात बांधल्यात. त्या सुट्या करून पाहिल्या की निम्मं कोडं सुटतं.

पहिली कल्पना आपल्या आजोबांना ठाऊक होती. खाचरात आंबेमोहोर, वरच्या माळावर नाचणी-वरई, गोठ्यात म्हैस. पाऊस ओढ देऊ लागला तर भाताचं नुकसान, पण नाचणी तग धरायची. दोन्ही गेलं तर दूध होतं. मात्र 'तीन प्रकार आहेत' एवढ्याने काम भागत नाही. दहा एकरांतलं नऊ एकर भात असेल, तर नाचणी असून नसल्यासारखीच. एकर किती हे मोजून उपयोग नाही, धास्ती कुठे किती आहे ते मोजायचं.

गुंतवणुकीत तेच. समजा, शंभर रुपयांतले ६० शेअरमध्ये आणि ४० सरकारी रोख्यांत ठेवले. वाटतं, छान समतोल आहे. आता चढउतार धरू. सोयीसाठी मानू की शेअर वर्षाला १६ टक्क्यांनी खालीवर होतात, रोखे ५ टक्क्यांनी, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ६० रुपयांच्या शेअरचा हेलकावा ९ रुपये ६० पैसे, ४० रुपयांच्या रोख्यांचा २ रुपये. चढउतार एकत्र करताना त्यांचे वर्ग घ्यावे लागतात. ते घेतले की एकूण जोखमीतला ९६ टक्के वाटा शेअरचा निघतो. म्हणजे पैसे ६०:४० वाटलेत, पण धास्ती ९६:४.

जोखीम सारखी करायची तर शेअर पाव हिस्सा आणि रोखे पाऊण हिस्सा ठेवावे लागतील. २५ रुपयांच्या शेअरचा हेलकावा ४ रुपये, ७५ रुपयांच्या रोख्यांचा पावणेचार. जवळजवळ बरोबरी. झाली रिस्क पॅरिटी. यात काही चमत्कार नाही आणि फसवणूकही नाही. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली गुंतवणुकीच्या एकत्रित जोखमीचं गणित मांडलं, त्याच घराण्यातली ही कल्पना. अमेरिकेत रे डालिओ यांच्या ब्रिजवॉटर कंपनीने १९९६ मध्ये 'ऑल वेदर' नावाने असा फंड उभा केला. 'ऑल वेदर' म्हणजे कुठल्याही हवामानात टिकणारा.

अडचण पुढे येते. पाऊण पैसा रोख्यांत म्हटल्यावर परतावाही कमी होतो. शेअर १२ टक्के आणि रोखे ७ टक्के देतील असं मानलं, तर २५:७५ च्या मिश्रणाला सव्वाआठ टक्के मिळतात. चढउतार फक्त साडेपाच टक्के. शांत झोप लागेल असा हिशेब आहे. पण बाजारात सव्वाआठ टक्क्यांची जाहिरात कोण करणार? म्हणून दुसरी कल्पना येते. तेच मिश्रण दुप्पट घ्या. आपले शंभर, उसने शंभर.

इथे आपण वहीच काढू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, भाकीत नाही. पण हिशेब खरा आहे.

दोनशे रुपयांवर सव्वाआठ टक्क्यांनी साडेसोळा रुपये आले. उसन्या शंभरावर साडेसहा टक्के व्याज गेलं. हातात राहिले दहा. चढउतार दुप्पट होऊन अकरा टक्के झाला. आता मघाच्या साध्या ६०:४० कडे परत या. त्याचा परतावा किती? ७ रुपये २० पैसे अधिक २ रुपये ८० पैसे, म्हणजे बरोबर दहा. चढउतार पावणेदहाच्या आसपास. एवढी उठाठेव करून आपण जिथे होतो तिथेच आलो, उलट हेलकावा थोडा वाढला!

असं का होतं, ते पाहू. रिस्क पॅरिटी तेव्हाच फळते जेव्हा प्रत्येक प्रकार आपापल्या जोखमीच्या मानाने सारखा मोबदला देतो. रोखे ७ टक्के देतात आणि कर्ज साडेसहाला मिळतं, तर उसन्या पैशांवर रोख्यांतून सुटतो फक्त अर्धा टक्का. आणि उसनवारीतला पाऊण पैसा रोख्यांतच जातो.

आता कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतलं असं धरा. साडेसोळातून साडेनऊ गेले, उरले सात. कर्ज न काढता सव्वाआठ मिळत होते. म्हणजे जोखीम दुप्पट केली आणि मिळकत घटवली. मोठे फंड वायदे बाजारातून जवळजवळ सरकारी दराने पैसा उभा करतात. सोनं तारण ठेवून किंवा वैयक्तिक कर्ज काढून हा खेळ घरी करायला गेलो, तर तो पहिल्या दिवसापासून तोट्याचा. पूर्वी दिढीने भात आणून पेरणी करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागलं नसतं.

उसन्या पैशाचा दुसरा गुण असा, की तो पडत्या भावात विकायला लावतो. आपले शंभर, उसने शंभर, मालमत्ता दोनशेची. बाजार दहा टक्के पडला, मालमत्ता १८० ची झाली. देणं शंभरच. आपले उरले ८०. दुप्पट प्रमाण राखायचं तर मालमत्ता १६० च हवी, म्हणून २० चा माल पडत्या भावात विकावा लागतो. स्वतःच्या पैशाने घेतलं असेल तर माणूस थांबू शकतो. उसन्या पैशाने घेतलं तर थांबायचं की नाही, हे दुसरा ठरवतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा व्याजदर १५ टक्क्यांच्या वर होता, २०२० मध्ये तो एक टक्क्याच्याही खाली आला. व्याजदर उतरतो तेव्हा रोख्यांची किंमत चढते. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं रोख्यांच्या पाठीशी वारा होता, आणि या फंडांचे जुने सुंदर आलेख त्या वाऱ्यातले आहेत. २०२२ मध्ये महागाई आली, व्याजदर भराभर वाढले. त्या एका वर्षात अमेरिकी शेअर साधारण १८ टक्के आणि रोखे १३ टक्के पडले, दोघंही एकदमच. 'एकमेकांशी संबंध नाही' हे आपलं गृहीतक गरजेच्या वेळीच मोडलं. अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून या पद्धतीचा एक फंड सामान्य माणसाला बाजारात घेता येतो. त्याच्या चिन्हातली अक्षरं मराठीत 'आरपार' अशी वाचता येतात. त्यात उसना भाग फार नव्हता, तरी २०२२ मध्ये तो २० टक्क्यांहून जास्त पडला. म्हणजे शेअरपेक्षाही जास्त.

त्याच सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पेन्शन फंडांची तारांबळ उडाली. त्यांनी सरकारी रोख्यांवर उसन्या पैशाचा जोर लावला होता. रोखे घसरले, तारण मागितलं गेलं, तारणासाठी रोखेच विकावे लागले, म्हणून रोखे आणखी घसरले. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला खरेदीला उतरावं लागलं. शेअर नव्हेत, सरकारी रोखे! 'सुरक्षित' वस्तू कर्जाने घेतली की ती सुरक्षित राहत नाही, हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं.

आता व्यवहाराचं. आपल्याकडे असा फंड मिळतो का? सर्वसामान्य म्युच्युअल फंडात नाही. सेबीच्या नियमाने म्युच्युअल फंडाला मालमत्तेच्या २० टक्क्यांपर्यंतच आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी कर्ज घेता येतं, तेही गुंतवणूकदारांचे पैसे परत देण्यासारख्या तात्पुरत्या गरजेसाठी. परतावा फुगवण्यासाठी नाही. दुपटीपर्यंत जोर लावायची मुभा तिसऱ्या वर्गाच्या पर्यायी गुंतवणूक फंडांना आहे, पण तिथे प्रवेशच एक कोटीपासून.

परदेशातला फंड घ्यायचा, तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. परदेशी बाजारात मार्जिन भरायला मात्र या वाटेने पैसे पाठवता येत नाहीत. शिवाय रुपया-डॉलरचा चढउतार आपल्या डोक्यावर. लाभांशावर तिकडे आधीच २५ टक्के कपात. आणि सहसा कुणी न सांगणारी गोष्ट म्हणजे, अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या तिथल्या ६० हजार डॉलरवरच्या मालमत्तेला त्याच्या पश्चात वारसा कर लागू शकतो, तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. वडिलांच्या नावावर घेताना मुलाने हे वाचलेलं असावं.

मग काकांनी काय करावं? आमचं म्हणणं असं, की मुलाची पहिली कल्पना घ्या, दुसरी सोडा. जोखीम मोजून वाटा, पण उसना पैसा नको.

आणि मोजायचं तर फंडापुरतं नको, घरापुरतं मोजा. उरलेली जमीन हिंजवडीच्या जोरावर महागलेली. चार खोल्या भाड्याने दिल्यात, भाडेकरू आयटीतले. मुलाचा पगार आयटीतला. कागदावर तीन उत्पन्नं दिसतात, पण पाऊस एकाच ढगातून पडतोय. उद्या तिथे मंदी आली तर पगार, भाडं आणि जमिनीचा भाव एकाच वेळी खाली येतील. अशा घराला आणखी प्लॉट नको, आयटी कंपन्यांचे शेअरही नकोत. या घराची नाचणी म्हणजे सरकारी रोखे, पोस्ट, बँक ठेव आणि थोडं सोनं.

क्रम सांगतो. डोक्यावर साडेनऊ टक्क्यांचं कर्ज असेल तर ते आधी फेडा. तो साडेनऊ टक्क्यांचा खात्रीचा परतावा आहे, असा कुठला फंड देत नाही. मग चार-पाच वर्षांचा घरखर्च सुरक्षित ठेवा. सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून २०२१ पासून थेट घेता येतात. उरलेल्याचा काही भाग निर्देशांक फंडात टप्प्याटप्प्याने. एकाच ठिकाणी सगळं हवं असेल तर मल्टी ॲसेट फंड आहेत. त्यांना किमान तीन प्रकारांत प्रत्येकी किमान दहा टक्के ठेवावे लागतात. पण नावावर जाऊ नका. अनेक योजना कराच्या सोयीसाठी शेअरशी निगडित वाटा ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. धास्ती कुठे आहे, ते माहितीपत्रकातच शोधायचं.

ज्याचं वय तीस आहे, नोकरी पक्की आहे, ज्याला २०२२ सारखं वर्ष पाहून झोप लागते, त्याने असा फंड थोड्या पैशात जरूर अभ्यासावा. पण मोबदल्याचा पैसा वेगळा. या तालुक्याने १९२१ साली सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हाही पुण्याचे सावकार-मालक मोबदल्यावर राजी झाले आणि जमीन कसणारे मावळे उघड्यावर पडले. गेलेली जमीन परत येत नाही, हे इथे कुणी शिकवायला नको. जमिनीच्या बदल्यात आलेला पैसाही तसाच, एकदाच येतो. तो दुसऱ्याच्या तारणाच्या घड्याळाला बांधू नये.

काका आज आलेत, शेवटच्या रांगेत बसलेत, मुलालाही घेऊन आलेत. आता प्रश्न घेऊ. पहिला मुलाने विचारावा.