मानेचं ऑपरेशन झालं. शेतात कधी जायचं?

मानेतून हातात कळ येणारं दुखणं जुन्नर-आंबेगावात ‘शीर दबली’ म्हणून ओळखलं जातं. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली किंवा हाड वाढलं, की हाताकडे जाणारी नस दबते. गोळ्या-व्यायामाने भागलं नाही, तर अनेकदा गळ्याच्या पुढून गादी काढून दोन मणके जोडतात.

कळ थांबली, हाड जुळायचंय

हाताची कळ बऱ्याच जणांची काही दिवसांतच ओसरते आणि तिथेच माणूस फसतो. बधिरपणा जायला, पकड परत यायला महिने लागतात. मणके पक्के जुळायला ३ ते ६ महिने, कधी वर्षही लागतं. टोमॅटोचा तोडा लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत सुरू होतो; हाड त्या घाईत जुळत नाही.

पहिले काही आठवडे

आवाज बसतो, घास अडकल्यासारखा वाटतो. मऊ भात, खिचडी बरी. रोज सपाट रस्त्याने चालावं. कॉलर डॉक्टर सांगतील तेवढीच वापरावी. त्यांनी परवानगी देईपर्यंत दुचाकी आणि ट्रॅक्टर बंद. एसटीत मागच्या सीटवर बसू नये, हादरे बसतात.

ओझ्याचा हिशेब

सुरुवातीला साधारण २-३ किलोच उचलायला सांगतात. नारायणगावच्या बाजारात जाणारं टोमॅटोचं क्रेट २० किलोचं असतं. १६ लिटरचा भरलेला फवारणी पंपही जवळपास तेवढाच आणि त्याचे पट्टे खांदे ओढतात. डोक्यावरचा गवताचा भारा किंवा हंडा तर थेट मानेवर येतो. वर बघत केलेली टोमॅटोची बांधणी आणि तासन्‌तास वाकून केलेली भातलावणीही लांबवावी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा

तंबाखू आणि मिश्री: निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. दुसरं, दाढी-कटिंगनंतर मान ‘मोडून’ घेणं.

लगेच दवाखाना गाठा

गळा सुजून श्वास अडकला तर १०८ ला फोन करा. हातापायांत नव्याने अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा जखमेतून पू येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तपासणीला जाताना

‘जड काम कधी करू?’ असं विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. धार काढणं, क्रेट, पंप, दुचाकी अशी कामांची यादी न्या, वजनं सांगा आणि प्रत्येकापुढे तारीख लिहून घ्या.