शेक संपले, तपासणी संपत नाही

भवानीनगरला छत्रपती कारखान्याचे गाळप सुरू झाले, की ऊस वाहतुकीवरचे आमचे रुग्ण ओपीडीत दिसेनासे होतात. त्यांतलेच एक पन्नाशीतले ट्रॅक्टरचालक. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तीस ‘शेक’ही पूर्ण झाले. (रेडिओथेरपीला आपल्याकडे शेकच म्हणतात.) आठ महिन्यांनी त्याच गालात जखम झाली. ‘शेकाची उष्णता असेल’ म्हणून ते चार महिने मलम लावत राहिले. आले तेव्हा तोंड दोन बोटेही उघडत नव्हते.

शेकाने तोंड येते हे खरे. पण ते बहुधा काही आठवड्यांत बरे होते. नंतर नव्याने उठलेली आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेतली गाठ, कानात जाणारी कळ दिसली, की लगेच दाखवावे. तुकडा काढून तपासावा लागतो. तोंडाचा कर्करोग उलटतो तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच.

उलटलेल्या रोगावर त्याच जागी पुन्हा पूर्ण मात्रेचे शेक देणे सहसा जमत नाही. नुसत्या केमोने तो मुळापासून जात नाही. म्हणून शक्य असेल तिथे शस्त्रक्रियाच करतात, पण ती पहिल्यापेक्षा अवघड असते. शेकलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. टाके उसवतात, मानेतून लाळ झिरपते, कधी जबड्याचे हाड कुजते. त्यामुळे छातीचा स्नायू कातडीसह वर वळवून किंवा पायातले बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट आणून जागा भरावी लागते. रोगाने मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला वेढा घातला असेल, तर सर्जनचे हात बांधले जातात. वाया गेलेले चार महिने इथे नडतात.

(शेकानंतर दाढ दुखली तर परस्पर उपटून घेऊ नका. दंतवैद्यांना शेकाबद्दल आधी सांगा.)

बारामतीच्या शरद पवारांना 2004 मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया आणि शेक घेऊन ते पुन्हा कामाला लागले. त्यांचे उदाहरण रुग्ण मला नेहमी देतात. मी विचारतो, ‘पुढच्या तपासणीची तारीख कोणती?’

आमच्या चालकांची मुख्य रक्तवाहिनी सुदैवाने मोकळी होती. पुण्यात अर्धा जबडा काढला, छातीचा स्नायू लावला. बोलणे अस्पष्ट आहे, जेवण पेजेवर. दर दोन महिन्यांनी येतात. मागच्या खेपेला बायकोला घेऊन आले. त्या मिश्री लावतात. ‘हिचंबी तोंड बघा, डॉक्टर,’ म्हणाले.