केदारनाथांचे हिवाळी घर

भाऊबीजेच्या दिवशी आपल्या घरोघरी ओवाळणीचे तबक सजत असते. त्याच दिवशी सकाळी तिकडे हिमालयात, साडेअकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, केदारनाथाच्या मंदिराची दारे विधिपूर्वक बंद होतात. यात्रा संपली, आता अक्षय्यतृतीयेच्या सुमारापर्यंत दर्शन नाही, अशी पुष्कळ भाविकांची समजूत असते. परंतु परंपरा तसे सांगत नाही. ज्योतिर्लिंग समाधिस्थ होऊन बर्फात स्वस्थानी राहते, आणि भगवंतांची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसून डोंगर उतरू लागते. रामपूरला एक मुक्काम, गुप्तकाशीला दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी डोली उखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात विसावते. पुढील सहा महिने केदारनाथांची नित्यपूजा येथेच चालते. मद्महेश्वरांचाही हिवाळी मुक्काम येथेच असतो.

आम्ही उखीमठाला गेलो तो पौष महिना होता. ऋषिकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी असा मंदाकिनीच्या काठाने जाणारा रस्ता उन्हाळ्यात मोटारींनी तुंबलेला असतो. आता नदीचा आवाज वळणावळणाला ऐकू येत होता. खोऱ्याच्या एका अंगाला गुप्तकाशी, समोरच्या अंगाला उखीमठ, आणि वर हिमशिखरे. मंदिराच्या रंगीत महाद्वारातून आत गेलो तेव्हा प्रांगणात उन्हाला बसलेली चार वृद्ध माणसे आणि आम्ही, एवढीच काय ती गर्दी! रांग नाही, ‘पुढे चला’चा पुकारा नाही. गाभाऱ्यासमोर मनसोक्त बसावे, एक रुद्रावर्तन शांतपणे म्हणावे आणि पुन्हा बसावे. 2023 च्या यात्राकाळात 19 लाखांहून अधिक भाविक केदारनाथी गेले. त्यांतील कितीजणांना देवासमोर एक मिनिटभर तरी स्वस्थ उभे राहता आले असेल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

बाणासुराची कन्या उषा आणि श्रीकृष्णाचा नातू अनिरुद्ध यांचा विवाह येथे झाला, आणि उषेवरूनच हे नाव पडले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. राजा मांधात्याने येथे तप केले असेही सांगतात. पण आम्हांला विशेष वाटले ते या मठाचे दक्षिणेशी असलेले नाते. उखीमठ हे वीरशैव संप्रदायाच्या पंचपीठांपैकी एक. आपल्या सोलापूर-लातूरकडील अनेक लिंगायत घरांत हे नाव आदराने घेतले जाते. केदारनाथांचे रावल याच संप्रदायातील असतात. ते स्वतः तेथे पूजा करीत नाहीत, त्यांच्या आज्ञेने पुजारी ती करतात. 2020 च्या टाळेबंदीत रावल महाराज नांदेडला होते. दारे उघडण्याची तिथी जवळ येत चाललेली, आगगाड्या आणि विमाने बंद. अखेर एप्रिलमध्ये ते मोटारीने उखीमठाला पोहोचले, आणि 29 एप्रिल रोजी मंदिर उघडले ते यात्रेकरूंवाचूनच. गोदाकाठ आणि मंदाकिनीचा काठ यांमधील अंतर इतके थोडे आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

उखीमठाहून चोपत्यावरून चमोलीकडे जाणारी वाट हिवाळ्यात बर्फाने वारंवार बंद होते. तेव्हा रुद्रप्रयागला परत येऊन अलकनंदेच्या काठाने ज्योतिर्मठ गाठावे. आद्य शंकराचार्यांच्या चार पीठांपैकी हे उत्तरेचे पीठ. बदरीनाथाची दारे मिटली की आचार्यांची गादी येथील नृसिंह मंदिरात येते, आणि उद्धव व कुबेर यांच्या मूर्ती वाटेवरील पांडुकेश्वरात राहतात. दारे मिटण्यापूर्वी माणा गावच्या स्त्रियांनी विणलेली लोकरीची घोंगडी तुपात भिजवून बदरीनारायणाला पांघरतात, हे ऐकून आपल्या पंढरीच्या घोंगडीवाल्या वारकऱ्यालाही भरून येईल.

येथील नृसिंहाच्या मूर्तीचा एक हात कालांतराने कृश होत जात आहे आणि तो गळून पडेल त्या दिवशी बदरीची वाट मिटेल, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी या गावाची जमीन खरोखरच खचते आहे. जुन्या दरडींच्या राडारोड्यावर वसलेल्या या गावात जड बांधकामे करू नयेत, असे शासनाच्याच मिश्रा समितीने 1976 मध्ये बजावले होते. 2023 च्या जानेवारीत आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि ऐन थंडीत शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली.

2024 च्या डिसेंबरपासून उत्तराखंड शासनाने हिवाळी यात्रेचा मोठा प्रचार चालविला आहे. सहा महिने रिकाम्या हातांनी बसणाऱ्या दुकानदारांना, डोलीवाल्यांना त्यामुळे मीठभाकर मिळेल, ही गोष्ट आम्ही मोलाची मानतो. परंतु हिवाळ्यालाही उन्हाळा करून टाकला, नव्या धर्मशाळा आणि रुंद रस्ते यांच्यासाठी हेच डोंगर पुन्हा पोखरले, तर त्या चार वृद्धांचे ऊन आणि देवाची विश्रांती दोन्ही जातील. जावयाचे त्यांनी अवश्य जावे; चार-पाचजणांनी मिळून, गावातल्याच एखाद्या घरी उतरून, दोन दिवस अधिक राहून. लोकरीचे कपडे भरपूर असावेत, आणि दमेकरी वडीलधाऱ्यांना वैद्याचा सल्ला घेतल्याखेरीज नेऊ नये.

महाशिवरात्रीच्या दिवशी ओंकारेश्वराच्या प्रांगणात पंचांग उघडून केदारनाथांची दारे उघडण्याची तिथी आणि डोलीच्या प्रस्थानाचा दिवस जाहीर होतो. त्या दिवशी मात्र उखीमठ भरून जाते. आणि दुसऱ्या दिवसापासून, प्रस्थानापर्यंत उरलेले ते थोडे आठवडे, पुन्हा घंटेचा नाद खोऱ्यापलीकडे ऐकू जाईल इतके निवांत.