घरचा जुना ग्राइंडर

विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यांत एके काळीं कारखान्यांची रांगच्या रांग होती. त्यांतले पुष्कळ बंद पडले, त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि तेथें आयुष्य घालविलेल्या माणसांच्या घरीं कांहीं अवजारें मात्र राहून गेलीं. लांकडी फळीवर बसविलेला, दोन्ही बाजूंस एकेक दगडी चाक असलेला विजेचा ग्राइंडर हें त्यांपैकींच एक. विळी, अडकित्ता, कात्री, पटाशी इतक्या वस्तूंना ज्या मोठ्या कुटुंबांत धार लागते, तेथें तो खरोखर उपयोगाचा. परंतु तो थरथरूं लागला कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्यास देऊन टाका. दुसरा म्हणतो, आजोबांची वस्तु आहे, आहे तशी चालूं द्या. आमच्या मतें दोघेही घाई करतात, आणि दुसऱ्याची घाई अधिक धोक्याची.

धोका कशांत आहे तें सांगतों. हें चाक लोखंडाचें नव्हे. अतिशय कठीण कण मातीसारख्या द्रव्यांत कालवून भट्टींत भाजलेली ती एक जाड भाकरीच आहे. त्या कणांपैकीं कार्बोरंडम हें अमेरिकेंत ॲचेसन यांनीं १८९१ सालीं शोधून काढलें. आपल्याकडे अशीं चाकें करणारा ग्राइंडवेलचा कारखाना १९४१ सालीं उरणजवळ मोरा येथें निघाला. आतां, सहा इंची चाक आपल्या विजेवर मिनिटास सुमारें २८५० फेरे घेतें. म्हणजे त्याच्या कडेचा वेग तासास ८० किलोमीटरपर्यंत जातो. त्याला बारीकशी चीर असली, तर फुटलेला तुकडा त्याच वेगानें सुटतो. घरांत मुलें वावरतात हें येथें विसरून चालणार नाहीं.

म्हणून आरंभ चाकापासून करावा. प्रथम वीज तोडून, केवळ बटण बंद करून नव्हे, तर पिन काढून, चाकें उतरवावीं. समोर उभें राहिलें असतां डाव्या हाताकडील नटाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरविला तरच सैल होतो. हें ठाऊक नसल्यानें पुष्कळ आटे बिघडविले जातात. उतरविलेलें चाक पुसून, बोटावर टांगून, स्क्रूड्रायव्हरच्या लांकडी मुठीनें हलकेंच ठोकावें. बाजारांत माठ वाजवून घेणाऱ्या गृहिणीस पुढचें सांगणें नको: खणखणीत वाजलें तर ठीक, बद्द वाजलें तर टाकून द्यावें. ज्या चाकावरील फेऱ्यांचा आंकडा पुसून गेला आहे, तें खणखणीत वाजलें तरी आम्हीं लावणार नाहीं. थोडक्या पैशांसाठीं डोळा पणास लावण्यांत कसली आली काटकसर?

मग चाकांवांचून मोटार चालवून पाहावी. थरथर थांबली, तर दोष चाकांत किंवा त्यांना धरणाऱ्या चकत्यांत. कायम राहिली, तर बेअरिंग अथवा आस पाहावा. आस हातानें सावकाश फिरविल्यास झिजलेलें बेअरिंग खरखरतें व अडतें. त्याच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. तो लिहून नागदेवी स्ट्रीटला गेलें कीं जोड मिळतो. नवें बेअरिंग बसवितांना आंतल्या कड्यावरच दाब द्यावा. बाहेरचें कडें ठोकलें कीं तें बसण्यापूर्वींच खराब होतें. आस वांकला असेल तर तो टर्नरचें काम, हातोड्याचें नव्हे. मोटार नुसतीच घुमत असेल आणि फिरत नसेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. पिन काढल्यावरही त्यांत वीज सांठून राहते. तेवढें काम जाणत्या इलेक्ट्रिशियनवर सोंपवावें, व त्याच खेपेस अर्थिंगची तार तपासून घ्यावी.

थरथरीचें सर्वांत साधें कारण मात्र आमच्या उपनगरांतला पावसाळा. चार महिन्यांच्या दमट हवेनें चकत्यांवर गंजाचे पापुद्रे चढतात, आणि मग चाक सरळ बसतच नाहीं. चकत्या घांसून स्वच्छ कराव्या. दोन्हींचा व्यास सारखा व चाकाच्या निदान तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. चाक व चकती यांमध्यें जाड कागदाची चकती असते, ती निरुपयोगी समजून फेंकूं नये. दाब सारखा पसरविण्याचें काम तीच करते. चाक आसावर सहज सरकलें पाहिजे. नट चाक घट्ट धरण्यापुरताच आंवळावा. हात टेकण्याची पट्टी चाकापासून ३ मिलिमीटरांहून दूर नसावी, नाहीं तर वस्तु मध्यें ओढली जाते. वरच्या झांकणाची जीभ ६ मिलिमीटरांच्या आंत असावी. पहिल्यानें सुरू करतांना बाजूस उभें राहून एक मिनिट मोकळें फिरूं द्यावें. मग ड्रेसरनें कडा सारखी करून घ्यावी.

ॲल्युमिनियमचें कांहींही या चाकावर धरूं नये. तें चाकाच्या छिद्रांत भरून बसतें. विळीचें पातें धरतांना चष्मा लावावा, पदर खोंचलेला असावा, आणि शेजारीं पाण्याचें भांडें ठेवून पातें वरचेवर बुडवावें. कडा निळी पडली कीं पोलादाचें पाणी उतरलें; मग धार कितीही लावा, चार नारळ फोडून खवले कीं ती पुन्हां बोथट.