गाडीच्या दाराची मोटर

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव असतो, त्या दिवशी आवाराबाहेर नजर टाका. ट्रॅक्टर आणि पिकअप तर असतातच. त्यांच्या कडेला जुन्या मोटारीही उभ्या दिसतात. कोणी वापरलेली बोलेरो घेतलेली असते. कोणाकडे मारुती ८०० असते. मारुती ८०० बनणे २०१४ साली थांबले, पण खेडोपाडी ती अजून दिसते. गाडी जुनी झाली, की इंजिन धड राहते आणि बारीकसारीक वस्तू कुरकुर करू लागतात. त्यांतलीच एक वस्तू म्हणजे दाराचे विजेचे कुलूप. लोक त्याला सेंट्रल लॉक म्हणतात.

समजा, मालकाने किल्ली फिरवली. तीन दारे टक् करून बंद झाली. चौथे तसेच राहिले. मालकाला वाटते, सगळी बंद झाली. तो लिलावाकडे निघून जातो. मागच्या बाकावर पिशवी असते. पिशवीत बँकेचे पुस्तक, सातबारा, कधी रोख पैसेही. अशा वेळी चोराला कुलूप फोडण्याचेसुद्धा कष्ट पडत नाहीत.

पण चोरी हा लहान धोका. मोठा धोका निराळा आहे. बिघडलेले कुलूप कधी लागत नाही, तसे कधी उघडतही नाही. लहान मूल आत आहे, किल्ली आत आहे आणि दारे बंद झाली, म्हणजे काय होईल? उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत थोड्याच मिनिटांत भट्टीसारखी उष्णता होते. मोठ्या माणसाचा जीव घाबरा होतो, मग मुलाची काय कथा! अशी वेळ आलीच तर मिस्त्रीची वाट पाहू नका. मुलापासून लांब असलेली बाजूची काच कोपऱ्यावर घाव घालून फोडा. समोरच्या काचेच्या नादी लागू नका, ती तडकते पण लवकर फुटून पडत नाही. काच परत बसवता येते.

म्हणून हे कुलूप चालते कसे, आणि बिघडले तर काय करायचे, ते आम्ही इथे सांगतो.

विजेची कुलुपे काही कालची नाहीत. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ साली आपल्या मोटारींना ती बसवली होती. आपल्याकडे साध्या गाड्यांत ती पुष्कळ उशिरा आली. जुन्या गाड्यांना तर मालकांनी बाजारातून आणून मागाहून बसवून घेतली आहेत.

दाराच्या आत खरे कुलूप लोखंडाचेच असते. एक सळई वर-खाली होते आणि ते लागते किंवा उघडते. खिडकीपाशी जी खुंटी दिसते, ती या सळईचेच टोक. पूर्वी प्रत्येक दाराची खुंटी हाताने दाबावी लागे. आता हाताच्या जागी एक छोटी मोटर ठेवली आहे. तिच्यात दातेरी चाके असतात. मोटर फिरली की चाके फिरतात आणि एक दांडी पुढे किंवा मागे सरकते. ही दांडी कुलपाच्या सळईला जोडलेली असते. झाले, एवढाच तो खेळ.

मग तीच मोटर कुलूप लावते आणि उघडतेही, हे कसे? तुमच्या विहिरीवरची मोटर आठवा. नवी जोडणी केली आणि ती उलटी फिरली, की वायरमन दोन वायरींची अदलाबदल करतो. मोटर सुलटी फिरते. दाराच्या मोटरीला दोनच वायरी असतात आणि बॅटरीची १२ व्होल्टची वीज लागते. गाडीत बसवलेली एक पेटी ही अदलाबदल आपोआप करते. वीज एका बाजूने सोडली की कुलूप लागते, दुसऱ्या बाजूने सोडली की उघडते. ही वीज क्षणभरच येते, पुरता एक सेकंदही नाही.

चालकाच्या दाराची मोटर जरा शहाणी असते. मागाहून बसवलेल्या कुलपांत तिला बहुधा पाच वायरी असतात. दोन मोटर फिरवायच्या. बाकीच्या तीन पेटीला निरोप देतात, की मालकाने कुलूप लावले किंवा उघडले. म्हणून चालकाच्या दाराच्या जागी दोन वायरींची मोटर आणून चालत नाही. दुकानदाराला हे आधी सांगा.

आता बिघाड कुठे आहे ते पाहू. इथे घाई नको. “मोटर गेली, नवी घाला,” असे दार न उघडताच सांगणारे मिस्त्री असतात. पुष्कळदा मोटर चांगली असते आणि दोष दुसराच निघतो. पैसे जातात आणि दार पुन्हा तसेच.

सगळीच दारे बंद पडली असतील, तर एका दाराच्या मोटरीला हात लावू नका. चारही मोटरी एकाच दिवशी कशा मरतील? आधी फ्यूज पाहा. जळला असेल तर तेवढ्याच ताकदीचा नवा घाला. घरच्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायची आपली सवय इथे कामाची नाही. वायर पेटेल आणि गाडी जाईल. फ्यूज ठीक असेल, तर बॅटरी उतरली आहे का ते पाहा. नंतर पेटी आणि चालकाच्या दाराच्या निरोपाच्या वायरी.

एकच दार अडले असेल, तर त्याची खुंटी हाताने वर-खाली करा. जड जाते का? मग कुलूपच सुकले किंवा गंजले आहे. बाजारात उडणारी धूळ, कांद्याचे टरफल, पावसाचे पाणी, सगळे दारात उतरते. त्यातून आपला निफाड तालुका थंडीसाठी नावाजलेला. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जुने ग्रीस घट्ट होते आणि बॅटरीही मंद होते. बिचाऱ्या छोट्या मोटरीने किती ओढावे? कुलूप साफ करून पातळ तेल द्या. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

खुंटी हलकी चालत असेल, तर एकाला कुलूप लावायला सांगा आणि तुम्ही दाराला कान लावा. आतून कर्रर्र आवाज आला आणि खुंटी हलली नाही, तर चाकाचे दाते झिजले किंवा दांडी सुटली. काहीच आवाज नाही, तर वीज पोहोचत नाही किंवा मोटर जळाली.

या दोहोंतले कोणते, ते कळायला आम्ही एक सोपी युक्ती सांगतो. दार पुरते उघडा, अर्धे उघडा, थोडे हलवा, आणि प्रत्येक वेळी कुलूप लावून पाहा. एखाद्या जागी ते चालले, तर वायर तुटली आहे असे समजा. बिजागरीपाशी खांबातून दारात एक रबरी नळी जाते. तिच्यातून वायरी जातात. दार रोज उघडते, मिटते आणि वायर रोज वाकते. जुन्या गाडीत ती वरून साबूत दिसते, आत तांब्याचे तंतू तुटलेले असतात. नळी सरकवून नव्या वायरीचा तुकडा जोडला आणि जोड नीट झाकला, की झाले. नवी मोटर लागतच नाही.

आणखी खात्री हवी असेल, तर मोटरीच्या दोन वायरींना १२ व्होल्टचा छोटा दिवा लावा आणि कुलूप चालवा. दिवा क्षणभर लुकलुकला, म्हणजे वीज येते. वीज येते आणि मोटर गप्प, म्हणजे मोटर खरोखर गेली. ती दुरुस्त करीत बसू नये. जुनी मोटर सोबत घेऊन निफाड, येवला किंवा नाशिकच्या दुकानात जा. वायरी किती, दांडी किती सरकते आणि स्क्रूची भोके कुठे आहेत, ते दोन्ही शेजारी ठेवून पाहा. काही गाड्यांत मोटर आणि कुलूप एकाच पेटीत असतात, तिथे ती सबंध पेटीच बदलावी लागते. अगदी नव्या गाडीच्या दाराला मात्र घरी हात लावू नका. तिच्यात अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पिशव्या असतात. त्यांची काही उपकरणे दारातही असू शकतात.

बदलण्याचे काम असे. आधी किल्ली खिशात घाला. काच पूर्ण वर करा. मग बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून ठेवा. दाराच्या आतल्या बाजूला जे आवरण असते, त्याला डोअर पॅड म्हणतात. मुठीपाशी आणि हात टेकायच्या जागी त्याचे स्क्रू असतात, काही टोपणाखाली लपलेले असतात. सगळे काढल्याशिवाय पॅड ओढू नका. कडेने प्लास्टिकच्या क्लिपा असतात. चपटी पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घालून एकेक सोडवा. घाई केली की क्लिप तुटते आणि मग पॅड जन्मभर खडखडते.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका, हळूच सोलून बाजूला करा. आत दोन मोटरी दिसल्या तर गोंधळू नका. मोठी काच वर-खाली करणारी, लहान कुलपाची. लहान मोटरीचे स्क्रू काढा, दांडीची पकड सैल करा, वायर सोडवा आणि मोटर बाहेर घ्या.

नवी बसवताना दांडी आणि कुलपाची सळई एका रेषेत आली पाहिजेत. तिरपी बसली तर मोटर ओढते जोरात, पण सरकते कमी, आणि महिन्याभरात पुन्हा दाते जातात. पकड आवळली की खुंटी हाताने पुरती वर आणि पुरती खाली करून पाहा. दोन्ही टोकांना ती मोकळेपणी पोचली पाहिजे.

आता बॅटरी जोडा आणि दार उघडे ठेवूनच कुलूप चालवून पाहा. बाकीची दारे लागतात तेव्हा हे उघडते का? घाबरू नका. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा, विहिरीच्या मोटरीसारखी. काच खाली-वर करून ती नव्या मोटरीला अडत नाही ना, तेही पाहा.

दार मिटण्याआधी एक गोष्ट कराच. दाराच्या कडेला जो आकडा खांबाला पकडतो, तो पेचकसाने दाबून मिटवा, म्हणजे दार लागल्यासारखे होईल. मग आतली मूठ ओढा. आकडा सुटला पाहिजे. पुन्हा मिटवा आणि बाहेरची मूठ ओढा. दोन्हींनी सुटला तरच दार मिटा. नाहीतर दार बंद होऊन बसते आणि मिटलेल्या दाराचे पॅड काढणे मोठे जिकिरीचे काम असते. मागच्या दारांच्या कडेला बहुधा मुलांसाठी वेगळे कुलूपही असते. ते लावलेले असेल, तर आतली मूठ चालत नाही, दार बाहेरूनच उघडते. हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, बायकांना आणि म्हाताऱ्यांनाही. खुंटी हाताने कशी उचलायची, तेही मुलांना शिकवा.

शेवटी प्लास्टिकचा कागद पूर्वीसारखा चिकटवा. “त्यात काय आहे?” म्हणून कित्येक जण तो फेकून देतात. काचेवरून दारात उतरलेले पाणी हा कागद खाली नेतो आणि दाराच्या तळच्या भोकांतून ते बाहेर पडते. ती भोके काडीने साफ करा, बहुतेक चिखलाने बुजलेली असतात. मग पॅड लावा. पहिला मोठा पाऊस झाला, की त्या बाजूची पायाखालची चटई उचलून हात फिरवा. ओली लागली, तर कागद कुठेतरी सुटलेला आहे. पॅड पुन्हा काढून तो नीट चिकटवा.